फोटोखालची ओळ

पहाटेचे साडेपाच वाजलेत. शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं काळं रान. धुकं असं उतरलंय की फडात माणसं दिसत नाहीत, दिवे तेवढे दिसतात; कपाळाला रबरी पट्ट्यानं बांधलेल्या बॅटऱ्यांचे. एक दिवा खाली वाकतो, खच्‌ आवाज येतो, दिवा वर येतो, पाचट खसखसतं, पुन्हा दिवा खाली. कुणाच्या तरी खिशातल्या मोबाईलवर भक्तिगीत लागलंय. बांधावर गोधडीत गुंडाळलेलं एक पोर झोपलंय, त्याच्या उशाला पाण्याचा कॅन.

मी त्या पोराच्या शेजारीच उभी आहे. गळ्यात सेकंडहँड निकॉन डी 5300, त्याला 35 एमएमची एकच लेन्स. झूम नाही. फोटोग्राफीच्या सरांचा नियम आहे, पहिलं वर्षभर एकच लेन्स. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जायचं. या नियमाचा फायदा वर्गात कळत नाही, इथं कळतो. पाचटाची बारीक धूळ हवेत सतत उडत असते. लेन्स काढली की ती थेट सेन्सरवर जाऊन बसते आणि मग प्रत्येक फोटोतल्या आभाळावर तेच ठिपके.

आयएसओ 6400 वर नेलाय, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, 1.8. शटर साठावर. साठावर कोयता फोटोत येतच नाही, त्याची नुसती एक पांढरट रेघ येते. पाचशेवर घेतलं तर पातं स्वच्छ येईल, पण मग बाकी सगळं काळंठिक्कर. दोन्ही हवं असेल तर उजाडेपर्यंत थांबायचं. मी साठावरच राहते. घाव घालायच्या आधी माणूस डाव्या हातानं ऊस धरतं आणि निमिषभर थांबतं. त्या निमिषात शटर दाबलं तर माणूस साठावरही स्थिर येतं. ते निमिष कधी येणार हे डोळ्यांनी समजत नाही, आवाजाच्या ठेक्यानं समजतं.

"आलीस का गं, फोटूवाले?"

"आले मावशी."

"च्या पिऊन आलीस का तशीच?"

"तशीच."

"मग थांब जरा. दिवस उगवला का आमचा व्हईल."

मावशी बीडकडच्या, बालाघाटाच्या डोंगरातल्या. दिवाळी झाली की नवरा-बायको इकडं येतात, कारखान्यांची धुराडी थंडावली की परत जातात. वय विचारलं तर म्हणाल्या, "आधारवर बघून सांगते." नाव मात्र विचारल्याबरोबर सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. ते माझ्या वहीत आहे. छापायचं नाही असं आमचं ठरलंय, म्हणून इथं त्या मावशीच.

नाव विचारणं हा माझा आगाऊपणा नाही, तो सरांचा दुसरा नियम आहे, आणि पहिल्यापेक्षा जाचक. फोटो भिंतीवर लावायचा तर खाली ओळ हवी. वर्तमानपत्रात असते तशी, पण तिच्याहून भरलेली: कोण, कुठलं, काय करतंय, कुणासाठी, किती पैशाला, आणि फोटोला 'हो' कुणी म्हटलं. यातलं एक जरी रिकामं राहिलं तर सर काही बोलत नाहीत. पिन काढतात, प्रिंट पालथी करतात, पुन्हा पिन लावतात.

कोल्हापुरात शनिवारी दुपारी आमच्या वर्गाच्या भिंतीवर अशा पांढऱ्या पाठी बऱ्याच असतात. वर्ग जुन्या वाड्याच्या माडीवर भरतो. लाकडी जिना, खाली शिवणयंत्राची खडखड. या गावाला कॅमेऱ्याचं वेड जुनं. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, आणि 1925 साली सावकाराच्या फासात जमीन गेलेल्या शेतकऱ्यावर 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. सर त्या गोष्टी रंगून सांगतात आणि लगेच प्रिंट पालथ्या करायला लागतात.

आमच्यातला एक जण गंगावेशीतल्या तालमीत जातो. त्याचे फोटो बघत राहावेत असे असतात. लाल माती, झरोक्यातून आलेला उजेड, घामानं चमकणारी पाठ. सर विचारतात, "याचा खुराक महिन्याला कितीचा?" तो गप्प. "पैसे कोण देतं? घर, वस्ताद, का कुणी पुढारी?" तो गप्पच. प्रिंट पालथी. जिना उतरताना तो चिडून म्हणतो, "फोटो शिकवायलेत का जनगणना?" मला सुरुवातीला त्याचं पटत होतं. अजूनही थोडं पटतं. काही फोटो ओळीवाचून उभे राहतात, आणि सरांना हे माहीत नसेल असं नाही. पण शिकणाऱ्याच्या हातात ते हत्यार इतक्यात द्यायचं नाही, असं बहुतेक त्यांनी ठरवलंय.

त्याच माडीवर, खिडक्यांना चादरी लावून, सर 'मायग्रंट मदर' हा फोटो दाखवतात. 1936 सालचा मार्च. कॅलिफोर्नियातल्या निपोमोला वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ. पीक थंडीनं गेलंय, काम नाही. डोरोथिया लँग सरकारी खात्यासाठी फोटो काढत हिंडतायत. तंबूतल्या एका बाईचे मोजके फोटो काढतात आणि निघतात. सर पडद्यावरच्या त्या कपाळावरच्या आठ्यांवर थांबत नाहीत, खालच्या ओळीवर थांबतात. वय 32. मुलं सात. नाव नाही.

आणि ज्यांनी ते विचारलं नाही त्या लँग म्हणजे ओळींच्या बाबतीत अतिशय काटेकोर बाई. मजूर काय बोलले ते शब्दाला शब्द टिपून ठेवायच्या. नवरा पॉल टेलर अर्थतज्ज्ञ. दोघांनी मिळून 1939 मध्ये काढलेल्या 'अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस' या पुस्तकात फोटोंबरोबर लोकांची स्वतःची वाक्यं आहेत. नेमक्या त्या दिवशी नाव विचारायचं राहिलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळायला 1978 उजाडलं. ती मूळची चेरोकी, हेही त्या ओळीत नव्हतं. गाडीचे टायर विकून पोरांना खाऊ घातलं असं लँग यांनी लिहून ठेवलं होतं. घरच्यांनी पुढं ते साफ नाकारलं. आणि आपल्या चेहऱ्यावर सगळ्यांचं चाललं, आपल्याला त्यातून काही मिळालं नाही, हा बाईंचा राग होता.

चादरी काढल्यावर सर माझ्याकडं बघून म्हणतात, "वाटाणे तोडणारी तिकडं होती. ऊस तोडणारी तुझ्या घरामागं आहे."

आहेच. आमच्या रानातला को 86032 जातीचा आडसाली ऊस याच टोळीनं तोडलाय. त्याच तोडीचे माझे फोटो भिंतीवर लागले, ओळींसकट. सरांनी एकही पालथा केला नाही, नुसतं विचारलं, "'हो' कुणी म्हटलं?"

"सगळ्यांनी."

"'नाही' म्हणायची सोय होती?"

म्हणून मी आता ओढ्यापलीकडच्या या दुसऱ्याच्या रानात आहे. टोळी तीच, मालक वेगळा. मालकाच्या पोरीनं कॅमेरा रोखला की हसून मान डोलवायची, हा कामाचाच भाग होऊन बसतो. इथं मी कुणाचीच कुणी नाही. म्हणजे मला तसं वाटतं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मात्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुम्ही आबांची पोरगी न्हवं? खुशालीचं काय झालं ते विचारा की जरा त्यास्नी."

खुशाली म्हणजे कायदा सोडून द्यावे लागणारे पैसे. कुणी एंट्री म्हणतं. ऊस तोडणीला आला, कारखान्याचा कार्यक्रम पुढं-पुढं चाललाय, वजन घटतंय. अशा वेळी टोळी लवकर रानात यावी म्हणून शेतकरी वर काहीतरी देतो, ड्रायव्हरलाही देतो. आबा त्यावर संतापतात, आणि त्यांचा संताप खोटा नाही. उसाचं बिल कधी येणार याचा भरवसा नसतो, खुशाली मात्र रोख. मी सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग तेही काढ.

काढलं. बांधावर आबा खिशातून नोटा काढतायत, ड्रायव्हर दुसरीकडं बघतोय. मी कॅमेरा उचलला आणि आबांनी लेन्ससमोर हात धरला. "हे कशाला काढालीस? गप घरला जा." फोटो आलाय. आबांचा तळहात, रेघ न्‌ रेघ दिसतेय, चिकानं काळी पडलेली. मागचं सगळं धूसर. वर्गात लावला. ओळीत 'हो कुणी म्हटलं'च्या जागी लिहिलं: 'नाही म्हटलं.' सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले की हा या माडीच्या बाहेर जाणार नाही, आणि आता टोळीतल्या फोटोंमध्ये असा एक हात दाखव.

नाही. एकही नाही. सगळ्या फोटोंमध्ये माणसं एक तर कामात आहेत किंवा हसतायत.

उजाडतंय. धुक्याच्या वरच्या अंगाला आधी गुलाबी, मग पिवळा रंग चढतो, तुऱ्यांवर दवाचे मणी, उसाच्या रांगांमधून तिरपी किरणं. इथं कुणाच्याही मोबाईलमधनं सुंदर फोटो येईल. मीही दोन-चार काढते, हात राहत नाही. सर असल्या फोटोंना 'कॅलेंडर' म्हणतात. मी आयएसओ 800 वर आणते, शटर पाचशेवर. आता कोयता दिसतो.

मावशींचे मालक तोडतात, मावशी मागनं येतात. ते डाव्या हातानं ऊस धरतात, अगदी मातीला लागून घाव घालतात. बुडखा वर राहिला तर शेतकरी ओरडतो, साखर बुडातच जास्त. दुसऱ्या घावात शेंडा उडतो, कांडं मागं पडतं. मावशी ते उचलून पाला झटकतात, कांडी सरळ लावतात, वाढ्यांनाच पीळ देऊन बंध करतात आणि गुडघा दाबून मोळी आवळतात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, कोपरापर्यंत चढवलेले पायमोजे, पंजाच्या ठिकाणी कापलेले. उसाच्या पानाला करवत असते. उघडा हात तासाभरात ओरखडून निघतो. बोटांना साडीच्या चिंध्या गुंडाळल्यात, प्रत्येक बोटाला वेगळ्या साडीची. तर्जनीवरच्या चिंधीवर बारकी पिवळी फुलं आहेत. अंगठा उघडा आहे. "अंगठा बांधला का गाठ बसत न्हाई," त्या सांगतात. अंगठ्याचं नख उभं चिरलंय आणि चिरेत काळा चीक भरलाय.

मी गुडघ्यावर बसते. 35 ची लेन्स, हात भरून फोटो हवा असेल तर मावशींच्या हातापासून माझं नाक दीड वीत. गाठ मारताना त्यांचं कोपर माझ्या कॅमेऱ्याला लागतं. त्या थांबत नाहीत, मीही सरकत नाही. इतक्या जवळ गेल्यावर लपवाछपवी उरत नाही, हे एक बरं. लांबून लांब लेन्सनं टिपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही की त्याला टिपलंय.

चहा होतो. तीन दगडांवर पातेलं, जाळायला पाचट, दूध नाही, गूळ आहे. बाया गोल बसतात. मला कपातला, स्वतःला पेल्यातला. माझ्याआधी इथं कुणी फोटोवाले आले होते का, हे मला ओळीसाठी नको असतं, तरी विचारते.

"आल्ते की," मावशी म्हणतात. "मागं एकदा गाडी घिऊन आल्ते. म्हनले, पिशव्या काढलेल्या बाया कोन-कोन हायेत, त्या एकीकडं व्हा."

"मग?"

"मग काय. झाल्या हुब्या."

दुसरी एक जण पेला खाली ठेवत म्हणते, "मी न्हाई झाले. माझी काढलीया, पर मी न्हाई सांगितलं." सगळ्या हसतात.

2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली, अहवाल आला. बातमी हवीच होती. त्याशिवाय कुणी लक्ष दिलं नसतं. पण तिच्यामागोमाग कॅमेरे आले आणि त्यांना त्या एकाच गोष्टीचे चेहरे हवे होते. पाळी, पाठदुखी, रानात आडोसा नाही, दवाखान्यात गेलं तर त्या दिवसाचा खाडा टोळीचा मुकादम कापणार. हे सगळं एका रांगेत उभं करून टिपता येत नाही. मला आत्ता टिपता येतंय असंही नाही. मी वही उघडते, तेव्हा उभ्या न राहिलेल्या त्या बाईकडं बघते. ती म्हणते, "माझं न्हाई लिवायचं हां." मी वही मिटते. सरांनी मागितलेला हात बहुतेक हाच, पण याचा फोटो नाही.

दहाच्या सुमाराला मुकादम मोटरसायकलवरून येतो. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं, हँडलला अडकवलेल्या पिशवीत लांबट वही. माझ्याशी अदबीनं बोलतो. वही बघू का म्हटल्यावर आढेवेढे घेत नाही, उलट अभिमानानं उघडतो. अक्षर खरंच चांगलं आहे. नाव, गाव, कोयता, उचल, टन, खाडा. उचलीच्या रकान्यावर मात्र तो तळवा ठेवतो.

"हा आकडा फोटूत नको. बाकी काढा."

मी काढते. निळ्या शाईतली नावं, एक सोडून प्रत्येक नावापुढं 1. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती एका कोयत्यामागं, आणि कोयता म्हणजे जोडपं. एका ओळीत अर्धा आहे; तो पोरगा अजून लग्नाचा आहे, एकटाच आलाय. नावं सगळी पुरुषांची. 2024 च्या जानेवारीत झालेल्या करारानं तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 चे 366 रुपये झाले. ते 366 या रकान्यांतून जातात, उचलीत वळते होतात, आणि दोघांच्या कामाचे असले तरी एकाच्या नावावर.

मावशींना वाचता येत नाही. पण त्या चिंधी बांधलेलं बोट पानावर बरोब्बर ठेवतात. "ही पाचवी वळ आमची."

"यात तुमचं नाव कुठाय?"

"ह्यांचं हाय की."

"पण तुमचं?"

त्या माझ्याकडं, मग माझ्या वहीकडं बघतात. "तुझ्याकडं लिवलंय न्हवं? मग झालं." आणि मोळ्यांकडं निघतात.

पी. साईनाथ यांच्या 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' या प्रदर्शनात ग्रामीण बायांच्या कामाचे फोटो आहेत, 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत फिरून काढलेले. वाकलेल्या बाया, वाहणाऱ्या बाया, पाणी, सरपण, वीट. वर्गात ते बघताना मी वाकलेल्या पाठींकडं बघत होते. आत्ता या वहीच्या पानाचा फोटो स्क्रीनवर मोठा करून बघताना वाटतं, माझ्या मालिकेत मोळी उचलणाऱ्या बाईच्या शेजारी हाच लागेल. त्यात बाई नाही, वाकणं नाही, उजेडही सपाट आहे. शाई, रकाने आणि एका माणसाचा तळवा. कॅलेंडर तर नक्कीच नाही.

दुपारी भरणी. कारखान्याचा चिटबॉय चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात देतो, ट्रॉलीला फळी लागते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी. फळी पायाखाली लवते. बाया एकामागोमाग चढतात, मोळी टाकतात, उतरतात. खालून काढलं तर आभाळाच्या पार्श्वभूमीवर ताठ मानेची बाई येते, अगदी पुतळ्यासारखी. ट्रॉलीवर चढून वरनं काढलं तर चेहरा येतच नाही. उसाचा भारा, त्याखाली ओठ, ओठात धरलेलं पदराचं टोक. मी ट्रॉलीवर चढते. वर रचणारा एक जण म्हणतो, "ताई, कडंला उभ्या रहा, पडताल." मी एका जागी टेकून थांबते आणि मावशी फळी चढतील तेव्हाच शटर दाबते. एक मोळी तीसेक किलोची. मोळी पडताच ट्रॉली हादरते, फोटो हलतो. पुढची येईपर्यंत मी श्वास धरून.

ट्रॅक्टर गेल्यावर बाया वाढ्यांच्या पेंढ्या बांधून घेतात. वैरणीला गिऱ्हाईक असतं, ते पैसे रोज हातात येतात, बाजारहाट त्यावरच. मग कोप्यांकडं. ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत कळकाच्या कमानी, त्यावर ताडपत्री. चुली पेटतात. मी निघायला कॅमेऱ्याची बॅग आवरते तर मावशींचे मालक, दिवसभर माझ्याशी दोन शब्द न बोललेले, समोर येऊन उभे राहतात.

"ताई, पासपोर्ट साइज निघंल का यात?"

ऊसतोड कामगारांना ओळखपत्र मिळतं. गावी परतल्यावर ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा, त्याला फोटो लागतात. कुरुंदवाडला स्टुडिओत जायचं तर अर्धा दिवस, म्हणजे खाडा. आणि ओळखपत्र प्रत्येकाचं वेगळं. बायकोचं बायकोला, नवऱ्याचं नवऱ्याला.

खताच्या पोत्यांची शिवलेली ताडपत्री दोन कळकांना बांधली जाते, पांढरी बाजू पुढं. समोर पालथी बादली. 35 ची लेन्स घेऊन चेहऱ्याजवळ गेलं की नाक मोठं येतं, म्हणून मी चार पावलं मागं सरते; नंतर कापून घेता येईल. ऊन कोप्यांच्या मागं गेलंय, सावलीतला उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखा पडतोय. पाहिजे तसा.

बातमी पसरते. बाया शर्ट काढून ठेवतात, तोंड धुतात, एकमेकींच्या केसांना पाणी लावतात. एकच कुंकवाची डबी फिरते. सकाळी 'माझं न्हाई लिवायचं' म्हणणारी सगळ्यांत आधी येऊन बसते, पदर सारखा करते, आणि मी विचारायच्या आत पूर्ण नाव सांगते. "हे लिव. हे सरकारात जायाचंय."

मावशी बसतात. बोटांच्या चिंध्या सोडल्यात, हात मांडीवर, फोटोत येणार नाहीत. हसत नाहीत. "हसू नको म्हनतेत ना यात?" मी म्हणते, थोडं चालतं. त्या विचार करतात आणि नकोच म्हणतात.

एकेक जण बादलीवर बसतो, उठतो. मी नावं लिहून घेत जाते, फाईलचा नंबर आणि समोर नाव, म्हणजे स्टुडिओत प्रिंट काढताना घोटाळा होणार नाही. सर यातलं काही भिंतीवर लावू देतील का कोण जाणे. लावायचं म्हटलं तर ओळीतले सगळे रकाने भरलेत, आणि 'हो' कुणी म्हटलं हा प्रश्नच नाही, फोटो त्यांनीच काढायला लावलेत.

सगळ्यांत शेवटी मुकादम. मोटरसायकल लावून केव्हापासून उभा होता. कंगवा फिरवतो, पेनं खिशात सरळ करतो, बादलीवर बसतो.

"नाव?" मी विचारते. सांगतो. "गाव?" सांगतो.

"काम?"

"लिवा, ऊसतोड."

मागून मावशींचा आवाज. "कोयता कवा धरला हुता वो शेवटचा?"

कोप्यांमधून हशा उसळतो. मुकादमही हसतो, पण उठत नाही. वाकून उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर ओढतो. नडगीवर तिरपा, जुना, पांढरा पडलेला व्रण, चांगला बोटभर लांब. "बारा वर्सं तोडलाय," तो म्हणतो. "बाप मुकादम नव्हता माझा. ह्याचा काढा फोटू. आन्‌ वळीत लिवा."

मी बादलीजवळ जाते, गुडघ्यावर बसते. कुठल्या कारखान्याला असताना, कुठल्या साली, दवाखान्याचे पैसे कुणी दिले, विचारत लिहायला लागते.